पदवीला असतानाच संशोधन इंटर्नशिप: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठरलेलं असतं. लंबक हलवायचा, आवर्तनकाळ मोजायचा, गुरुत्वीय त्वरण ९.८ च्या आसपास आलं की जर्नलवर सही घ्यायची. आकडा ८.७ आला तर बरीच मुलं वाचनं जुळवून घेतात, कारण जर्नल वेळेत द्यायचं असतं. पण ८.७ का आला, हाच तर खरा प्रश्न. दोरीची लांबी चुकली, स्टॉपवॉच उशिरा दाबलं, की झोका फार मोठा घेतला? अशा प्रश्नामागे दिवसचे दिवस लागायची मुभा पदवीच्या वर्गात मिळत नाही. ती उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या संशोधन इंटर्नशिपमध्ये मिळते, आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास काही मुलं ‘सर, शिफारसपत्र हवंय’ म्हणत येतात. त्याहून कितीतरी जास्त मुलं येतच नाहीत. अशी काही सोय असते हे त्यांच्या कानावर गेलेलं नसतं, किंवा ‘ते आयआयटीवाल्यांचं काम’ असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. हा लेख त्या न येणाऱ्या मुलांसाठी आहे.

आधी हे ठरवा: जायचं कशासाठी?

प्रमाणपत्रासाठी जाणार असाल तर दोन महिने फार लांब वाटतील. मिळण्यासारख्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

एक उदाहरण घ्या. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्या मुलाला बहुतेक वेळा पीसीआर करायला देतात. डीएनएचा ठरावीक तुकडा कित्येक पटींनी वाढवायचा आणि मग जेलवर तो पट्टीसारखा दिसतो का ते बघायचं. प्रत्येक वेळी एका नळीत मुद्दाम डीएनए घालायचा नसतो, त्याच्या जागी नुसतं पाणी घालायचं. या नळीला ‘कंट्रोल’ म्हणतात, तिच्यात काहीही दिसता कामा नये. आणि एक दिवस त्या पाण्याच्या नळीतही पट्टी उमटते. म्हणजे कुठेतरी भेसळ झाली, आणि बाकीच्या सगळ्या सुंदर पट्ट्यांवरही आता विश्वास ठेवता येत नाही. मग पाणी बदलून बघा, प्रायमरची नवी बाटली उघडा, पिपेट पुसा, टेबल बदला, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोष सापडेपर्यंत पुन्हा करा. चार दिवस यात जातात. ज्या मुलीनं हे चार दिवस काढले तिला ‘कंट्रोल’ म्हणजे काय हे पुन्हा कधी पाठ करावं लागत नाही. पुढे ती औषधाच्या कंपनीत जाओ, स्पर्धा परीक्षा देवो की शेतीच्या दुकानात बसो, ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय तिच्याबरोबर जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला हे आवडतं का ते कळतं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. त्याआधी दोन महिन्यांत ‘हे आपलं काम नव्हे’ असं लक्षात आलं तर तोही नफाच. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीत तर हा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या शेवटीच घ्यावा लागतो. यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं. ते घ्यावं की तीन वर्षांवर थांबून एम.एस्सी.कडे वळावं, हे नुसत्या माहितीपत्रकावरून ठरवण्यापेक्षा एक उन्हाळा प्रयोगशाळेत काढून ठरवलेलं बरं.

तिसरी गोष्ट शिफारसपत्राची. मी माझ्या विद्यार्थ्याबद्दल लिहितो तेव्हा त्याचे गुण आणि वर्गातली वागणूक एवढंच माझ्याकडे असतं. ज्यांनी त्याला आठ आठवडे काम करताना पाहिलं, अडल्यावर तो काय करतो हे पाहिलं, त्यांच्या पत्राचं वजन वेगळं असतं. परदेशात अर्ज करताना हा फरक फार जाणवतो.

अर्ज कुठे करायचा

सगळ्यात आधी तीन अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप बघा. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी मिळून ती चालवतात. देशभरातल्या शास्त्रज्ञांकडे साधारण दोन महिने काम, विद्यावेतन आणि प्रवासखर्च. लहान महाविद्यालयातल्या मुलांसाठी ही वाट मला सगळ्यात चांगली वाटते, कारण अर्ज एकच करायचा असतो आणि त्यात स्वतःला काय करायचंय हे थोडक्यात लिहावं लागतं. त्या चार ओळी नीट असतील तर महाविद्यालयाचं नाव आड येत नाही. ही फेलोशिप शिक्षकांनाही मिळते, हे आपल्या सर-मॅडमना जरूर सांगा.

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) व्हीएसआरपी हा सुट्टीतला कार्यक्रम आहे, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आहे, बंगळुरूला जेएनसीएएसआर (जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्र). यांच्या पात्रतेच्या अटी वेगवेगळ्या असतात. कुठे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो, कुठे एम.एस्सी. लागतं. दर वर्षीची जाहिरात संकेतस्थळावर स्वतः वाचा, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या जुन्या पत्रकावर विसंबू नका.

पदवीच्या अगदी सुरुवातीला असाल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम शोधा. २००४ पासून तो चालू आहे. आधी शिबिर होतं, आणि त्यातल्या काही मुलांना पुढे प्रकल्प मिळतो. शिबिरात मिळणारी प्रश्नांची चव हीच मुळात मोठी गोष्ट आहे.

मग येते थेट दार ठोठावायची वाट. पुण्यात आयसर, एनसीएल (रसायनशास्त्र), एनसीसीएस (पेशीविज्ञान), आघारकर. गोव्यात समुद्रविज्ञानाची, दोनापावलाची एनआयओ. आयआयटी मुंबई आणि आपापल्या विद्यापीठाचे विभाग. इथले कितीतरी शास्त्रज्ञ नीट लिहिलेल्या ईमेलवरून मुलांना घेतात. ते पत्र कसं लिहायचं ते पुढे सांगतो.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची एसटीएस ही योजना १९७९ पासून आहे. तिच्यात आपल्याच महाविद्यालयातल्या मार्गदर्शकाबरोबर दोन महिन्यांचा प्रस्ताव लिहायचा असतो. परदेशी जायचं तर कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक हा १२ आठवड्यांचा कार्यक्रम आणि जर्मनीचा डीएएडी वाइज आहे, पण दोन्हींना चांगले ग्रेड आणि खूप आधीची तयारी लागते. अमेरिकेत पदवी घेणाऱ्या मराठी मुलांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या एनएसएफ या सरकारी विज्ञान निधी संस्थेचे आरईयू हे पदवीच्या मुलांसाठीचे संशोधन कार्यक्रम नागरिक आणि कायम रहिवाशांपुरतेच असतात. विद्यार्थी व्हिसावर असाल तर आपल्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडे जा. एमआयटीत १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात घ्यायची पद्धत सुरू केली. तसे कार्यक्रम आता तिकडे बहुतेक ठिकाणी सापडतात.

कला शाखेच्या मुलांना वाटतं की आपल्यासाठी यात काही नाही. हे मला मनापासून खटकतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि १९१० पासून काम करणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि ते वाचणारी माणसं मोजकी. छापील जाहिरात नसेल, पण मोडी वाचता येणारा विद्यार्थी एखाद्या अभ्यासकाकडे जाऊन ‘एका रुमालाची (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याची) यादी करायला मदत करतो’ म्हणाला तर त्याला कोण नको म्हणेल? राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. आधी तो वर्ग करा, मग विचारायला जा. अर्थशास्त्रवाल्यांनी गोखले इन्स्टिट्यूटमधल्या, पुरातत्त्वात रस असणाऱ्यांनी डेक्कन कॉलेजमधल्या प्राध्यापकांचं काम वाचून असंच विचारावं.

एक सावधगिरी. ‘रिसर्च इंटर्नशिप’ म्हणून तुमच्याकडूनच काही हजार रुपये घेणाऱ्या, चार रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती सध्या फार फिरतात. महिन्याभरात ‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये शोधनिबंध’ छापून देतो म्हणणारेही असतात. तिकडे फिरकू नका. काही चांगल्या प्रयोगशाळा विद्यावेतन देऊ शकत नाहीत हे खरं, आणि मोठ्या संस्था वसतिगृहाचं भाडंही घेतात. पण शिकण्याच्या जागेसाठी पैसे मागणारा आणि निकालाची आधीच हमी देणारा माणूस संशोधन विकत नसतो, कागद विकत असतो.

केव्हा सुरुवात करायची

उन्हाळ्यासाठी दिवाळीत. अकादम्यांचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला संपतात, बाकीच्या संस्थांचे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, आणि परदेशी कार्यक्रमांचे त्याच्याही आधी, पावसाळा संपता संपता. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर शोधायला निघालेल्या मुलांच्या हाती बहुधा काही लागत नाही.

ईमेल

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी लढाई इथेच हरली जाते. मुलं पत्र पाठवण्याआधी मला मसुदा दाखवतात, तो बहुतेक वेळा असा असतो: ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब, काइंडली गिव्ह मी वन चान्स.’ खाली तीन पानांचा बायोडेटा, त्यात दहावीच्या चित्रकला स्पर्धेचं बक्षीस. हेच पत्र एकाच वेळी पन्नास जणांना. त्यातल्या काही बाई असतात आणि त्यांनाही ‘सर’. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की या मुलानं आपलं काम पाहिलेलंच नाही.

आता दुसरं पत्र बघा. पत्र इंग्रजीतच जातं, मजकूर तेवढा इथे मराठीत सांगतो. विषयाच्या जागी: ‘मे-जूनमधला प्रकल्प: बी.एस्सी. दुसरं वर्ष, सूक्ष्मजीवशास्त्र’. पत्रात नाव, वर्ष, महाविद्यालय हे एका वाक्यात. मग: ‘उसाच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंवरचा तुमचा अलीकडचा निबंध वाचला. पद्धतीचा भाग पुरता कळला नाही, पण एकाच शेतातल्या दोन ओळींमध्ये एवढा फरक का आला, हे मला समजून घ्यायचं आहे. आमच्या शेतातही ऊस असतो.’ मग: ‘मला प्लेटिंग आणि ग्राम स्टेनिंग येतं, पायथॉन शिकायला सुरुवात केली आहे, पीसीआर केलेला नाही.’ शेवटी तारखा: ‘परीक्षा अमुक तारखेला संपते, त्यानंतर आठ आठवडे पूर्णवेळ येऊ शकते.’ सोबत एक पानाचा बायोडेटा, फाइलला स्वतःचं नाव. संपलं.

या पत्रात ‘कळला नाही’ आणि ‘केलेला नाही’ हे दोन्ही आहे, आणि त्यानं काही बिघडत नाही. विद्यार्थ्याला सगळं येत असावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्यानं प्रामाणिकपणे वाचलंय की नाही एवढंच बघतात. इंग्रजी कच्चं असेल तर वाक्यं छोटी ठेवा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. एआयकडून अख्खं पत्र लिहून घेऊ नका. तसली गुळगुळीत पत्रं हल्ली ढिगानं येतात आणि लगेच ओळखू येतात. तुमच्या उसाच्या शेताबद्दल फक्त तुम्हीच लिहू शकता.

निबंध वाचायला मिळत नाहीत ही तक्रार पूर्वी खरी होती. आता भौतिकशास्त्र आणि गणिताचे बरेचसे आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट असतात, जीवशास्त्राचे पबमेड सेंट्रलवर. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना सुरू झाली आहे आणि तिच्यातून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. आपलं महाविद्यालय त्यात आहे का हे ग्रंथपालांना विचारा. निबंध वाचताना सारांश, आकृत्या आणि शेवटचा परिच्छेद एवढंच आधी वाचा. पहिल्या फेरीत तेवढं पुरतं.

दहा जणांना लिहिलं तर बहुतेकांकडून उत्तर येणार नाही. मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या पेटीत अशी पत्रं रोज येऊन पडतात. दहा-बारा दिवसांनी एकदा नम्र आठवण करा, दुसऱ्यांदा नाही. आणि कुठून तरी नंबर मिळवून व्हॉट्सॲप तर अजिबात नाही.

शिफारसपत्र, घर आणि कागद

शिफारसपत्रासाठी अशा शिक्षकांकडे जा ज्यांना तुमचं नाव न विचारता आठवेल. किमान दोन आठवडे आधी जा, गुणपत्रिका आणि अर्जासाठी तुम्ही लिहिलेला मजकूर बरोबर न्या. शेवटच्या दिवशी मागितलेलं पत्र शेवटच्या दिवसासारखंच होतं.

घरच्यांशी निवड व्हायच्या आधीच बोला. आई-वडील दोन गोष्टी विचारतात: ‘यातून नोकरी लागणार का?’ आणि मुलगी असेल तर ‘दोन महिने मुंबईत राहणार कुठे?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं खरं उत्तर असं, की लगेच नाही; पण पुढच्या प्रवेशासाठी आणि कामासाठी याचा उपयोग होतो. दुसऱ्यासाठी संस्थेचं निवडपत्र आणि वसतिगृहाचा तपशील हातात द्या. निवड झालेल्या एखाद्या मागच्या वर्षीच्या ताईशी आईचं फोनवर बोलणं करून दिलं, तर मी दहा वेळा समजावण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

विद्यापीठाची परीक्षा लांबणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. वेळापत्रक मेअखेरीस सरकलं की लगेच मार्गदर्शकांना कळवा आणि आठवडाभर उशिरा येण्याची परवानगी मागा. आधी सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. बोनाफाईड, प्राचार्यांचं ना हरकत पत्र, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील मार्चमध्येच तयार ठेवा. विद्यावेतन बऱ्याचदा शेवटी हातात येतं, म्हणून पहिल्या महिन्याच्या खर्चाची सोय करून निघा. रेल्वेचं तिकीट टाकून देऊ नका, प्रवासखर्च मागताना ते लागतं.

पहिले दोन आठवडे

हे सगळ्यात कठीण जातात. समजा तुम्हाला खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा मिळाला. नारायणगावजवळच्या त्या रानात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, म्हणजे आता आपण दीर्घिकेचं चित्र काढणार असं वाटतं. प्रत्यक्षात पहिला आठवडा लिनक्सच्या आज्ञा शिकण्यात आणि कासा हे सॉफ्टवेअर चालू करण्यात जातो. मग कळतं की डेटात आकाशाबरोबर मोबाईलचे, उपग्रहांचे, विजेच्या तारांचेही संकेत मिसळलेले आहेत. ते एकेक करून काढायचे. ३सी४८ सारख्या आधीच माहीत असलेल्या तेजस्वी स्रोताशी ताडून मोजमाप जुळवायचं. त्यानंतर पहिलं चित्र येतं, आणि त्यात स्रोताभोवती पट्टेच पट्टे दिसतात. मागे जायचं, कुठल्या अँटेनाचा डेटा बिघडलाय ते शोधायचं, पुन्हा चित्र काढायचं.

हे करताना शेजारच्या खुर्चीवर पीएच.डी. करणारी ताई किंवा दादा असतो. खरे गुरू तेच. अर्धा तास स्वतः डोकं चालवा, एरर काय आला तो जसाच्या तसा लिहून ठेवा, मग विचारा. तीन दिवस गप्प बसून राहणं हा आपल्याकडच्या मुलांचा सगळ्यात मोठा तोटा आहे. वर्गात प्रश्न विचारला की हसतात, ही भीती घरूनच सोबत आलेली असते. प्रयोगशाळेत उलट असतं. न विचारणारा मुलगा मागे पडतो.

आणि वही. रोज तारीख घालून काय केलं, काय दिसलं, काय चुकलं ते लिहा. आकडा खोडायचा असेल तर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता यायला हवा. जर्नलमध्ये नीटनेटकेपणाला गुण असतात, इथे खरेपणाला. अपेक्षेपेक्षा वेगळा आलेला आकडा इथे कुणीही जुळवून घ्यायला सांगत नाही. कुणी सांगितलंच, तर ती जागा सोडलेली बरी.

आठवड्यातून एकदा मार्गदर्शकांना पाच ओळी पाठवा: काय झालं, कुठे अडलंय, पुढे काय करणार. प्रयोगशाळेच्या बैठकांना आणि व्याख्यानांना बसा, पहिल्या महिन्यात काही कळलं नाही तरी बसा.

निघण्यापूर्वी

शेवटचा आठवडा नवीन प्रयोगासाठी नसतो. अहवाल लिहा, आणि निष्कर्ष आला नसेल तर आला नाही असंच लिहा. डेटा, प्रोग्रॅम आणि वही यांतलं काय कुठे ठेवलंय ते एका पानावर लिहून प्रयोगशाळेत द्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही. मार्गदर्शकांच्या परवानगीशिवाय तिथला डेटा किंवा चित्रं समाजमाध्यमांवर टाकू नका.

शक्य असेल तर वीस मिनिटांचं सादरीकरण करायची संधी मागून घ्या. परत आल्यावर तेच आपल्या महाविद्यालयात मराठीत करा, पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर. संस्थेचा पत्ता, अर्जाची तारीख आणि तुमचा ईमेलचा मसुदा त्यांना वाटून टाका.

पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा मार्गदर्शकांना तीन आठवडे आधी लिहा, आणि तुम्ही तिथे काय काय केलं त्याची आठ-दहा ओळींची यादी जोडा. वर्षभरात त्यांच्याकडे आणखी मुलं येऊन गेलेली असतात. यादी हाताशी असली की पत्र तुमच्याच कामाबद्दल लिहिलं जातं.